चिऊ, एक खोटं बोललो होतो

चिऊ,

परवा फोनवर तू विचारलंस "बाबा, पाय कसाय?" आणि मी "एकदम मस्त" म्हणून विषय बदलला, ते खोटं होतं. फोनवर सांगितलं असतं तर तू मधेच ओरडली असतीस, म्हणून लिहितोय.

झालं असं की आठवड्याला २० किलोमीटर पळणं चालू होतं ते मी एकदम ३५ वर नेलं. का, तर त्या आठवड्यात भारी वाटत होतं. दम लवकर वाढतो पण हाडांना सवय व्हायला बराच जास्त वेळ लागतो हे तू मला सुरुवातीलाच सांगितलं होतंस आणि मी नुसतं हो हो केलं होतं. नडगीच्या आतल्या बाजूला, घोट्याच्या चार बोटं वर दुखायला लागलं, आधी पळून आल्यावर, मग पळताना, मग साधा जिना उतरताना. तरी चार दिवस पळलो. आईला कळू नये म्हणून कठडा धरून फोनवर बोलत बोलत उतरल्यासारखं करायचो (तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं, हे मला नंतर कळलं). डॉक्टर म्हणाले हाडाला चीर नाहीये पण असंच रेटलं असतंत तर गेली असती. तीन आठवडे पळणं बंद, चालायला हरकत नाही.

आता खरी गोष्ट. पळायला लागल्यापासून सिगरेटची आठवणसुद्धा येत नव्हती आणि मला वाटायचं, सुटली. पळणं थांबल्यावर पाचव्या संध्याकाळी खाली उतरलो आणि एक ओढली. अर्धीच ओढली, पण ओढली. मग लक्षात आलं की लवकर झोपणं, सिगरेट बंद, रात्रीचं वेळेवर जेवण, सगळं मी त्या एका पळण्याच्या खुंटीला टांगून ठेवलं होतं, खुंटी हलली की सगळंच खाली. दुसऱ्या दिवसापासून पळायचं नसलं तरी सव्वापाचला उठून बूट घालून तासभर चालायला लागलो. त्यानंतर एकही नाही. मोजतोय, आज १९ दिवस.

परत पळायला लागलोय पण हळू, इतकं हळू की पोरंसोरं तर सोडच, काठी घेऊन चालणारे एक आजोबा पण चढावर मला गाठतात. पळताना नीट बोलता आलं पाहिजे म्हणतात ना, एकटा कोणाशी बोलणार, म्हणून मी पाढे म्हणतो. एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशीला धाप लागली की वेग कमी. लोक बघतात, बघू देत. आपण पाच महिने पळत होतो असं वाटत होतं, प्रत्यक्षात रोज स्वतःशीच शर्यत लावत होतो. मॅरेथॉनच्या ४२.१९५ किलोमीटरला तसं करून चालत नाही, जोरात सुटलं तर अंगातली साठवलेली साखर तिसाव्या किलोमीटरच्या आसपासच संपते आणि मग पाय आपले राहत नाहीत, हे तुला माहितीच आहे, तू त्यातून गेलीयेस.

तर यंदाची मॅरेथॉन मी सोडली. तू पळ, माझ्यासाठी थांबू नकोस आणि माझ्या वेगाने तर मुळीच पळू नकोस. फौजा सिंग लंडनला पहिली मॅरेथॉन पळाले २००० साली, तेव्हा वय ८९ सांगायचे. मी ५४ चा आहे, घाई कसली. मी ३२ व्या किलोमीटरला पाणी घेऊन उभा राहीन, तिथे तोंड वाकडं करून आलीस तरी चालेल, फोटो काढणार नाही.

नाव काढून घेतलंय, पैसे परत मिळत नाहीत. आईला अजून सांगितलं नाहीये. म्हणजे तिला माहीत असणारच.

बाबा