आजी, इथं पण एक पळसदेव आहे

गाझियान्तेप (तुर्कस्तान), रविवार रात्र

प्रिय आजी, आई आणि अप्पा,
शि. सा. न.

मशीन बसवायचं काम अजून चालूच आहे पण दोन दिवस सुट्टी मिळाली म्हणून शेजारच्या उर्फा प्रांतात फिरून आलो. फोनवर आजीला नीट ऐकू येत नाही म्हणून सगळं लिहूनच पाठवतोय, आई तू तिला मोठ्याने वाचून दाखव.

पहिलं हालफेतीचं सांगतो कारण तिथं मला आजीच आठवत होती. फिरात म्हणजे युफ्रेटिस नदी, तिच्या काठावरचं दगडी घरांचं गाव. खाली बिरेजिकला धरण बांधलं आणि २००० साली पाणी भरलं तसं अर्धं गाव बुडालं, लोकांना पंधरा किलोमीटरवर वरच्या माळाला नवीन हालफेती बांधून दिलं. होडीत बसून पुढं गेलं की सावाशान नावाचं गाव लागतं, तिथं मशीद पाण्यात आणि मिनार तेवढा वर उभा, बाजूला घरांच्या रिकाम्या खिडक्या. आजी, उजनी धरणाचं पाणी उतरल्यावर आपल्या बुडालेल्या पळसदेवाचं देऊळ दिसतं ना, अगदी तसं वाटलं मला! होडीवाल्याने इंजिन बंद केलं, पाण्याकडे बोट दाखवलं आणि फोनमधल्या ट्रान्सलेटरवर सांगितलं की आमचं घर इथं खाली आहे. मी त्याला मोबाईलवर आपल्या देवळाचा फोटो दाखवला, तो बराच वेळ बघत राहिला आणि मग माझा हातच धरला त्याने. भाषा येत नसली तरी त्याला काय म्हणायचंय ते कळलं मला.

आजी, लहानपणी तू सांगायचीस की पळसदेव सोडून निघताना दाराची चौकट काढून बैलगाडीत घातली आणि जातं पण सोडलं नाही, ते मी नुसतं गोष्ट म्हणून ऐकायचो गं. काल पहिल्यांदा कळलं तू काय सोडून आलीस ते.

अप्पा, तुमच्यासाठी शेतीचं. इथलं मोठं धरण म्हणजे अतातुर्क, १६९ मीटर उंच, वीज २४०० मेगावॅट. तिथून पाणी डोंगराच्या पोटातून आणलंय, दोन बोगदे आणि प्रत्येक २६ किलोमीटरच्या वर लांब, १९९५ पासून ते हर्रानच्या मैदानात फिरतंय. आधी सगळं कोरडवाहू होतं, आता जिकडं बघावं तिकडं कापूस आणि मका. पण पाणी मिळालं म्हणून सोडतच राहिले आणि बऱ्याच रानात मीठ वर आलं, आपल्याकडं उसाच्या पट्ट्यात चोपण झालीय तसंच. मला फार वाईट वाटलं, ज्यांची गावं बुडाली त्यांच्या पाण्याने कुणाची जमीन खराब होऊ नये असं वाटतं.

हर्रानला मातीच्या विटांची, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी टोकदार घुमटांची घरं आहेत, आत एकदम गार. मोठं शहर होतं ते एकेकाळी, चंद्रदेवाचं मंदिर होतं, नंतर मंगोलांनी १३व्या शतकात उद्ध्वस्त केलं.

आणि गोबेक्ली टेपे! उर्फा शहराजवळच्या टेकडीवर इंग्रजी टी आकाराचे दगडी खांब, काही साडेपाच मीटर उंच, त्यावर कोल्हे, साप, विंचू, गिधाडं कोरलेली. साधारण साडेअकरा हजार वर्षांपूर्वीचं आहे हे, म्हणजे चाक नाही, मडकं नाही, शेतीसुद्धा नाही, शिकार करून जगणाऱ्या माणसांनी उभं केलंय. क्लाउस श्मिट नावाच्या जर्मन माणसाने १९९५ पासून २०१४ ला वारेपर्यंत इथं खोदकाम केलं. अप्पा, याच भागात काराजादाग डोंगर आहे, एकदाणी गहू माणसाने पहिल्यांदा तिथल्याच रानगव्हापासून घडवला असं शास्त्रज्ञांनी जनुकांवरून काढलंय. तुम्हाला एकदा इथं आणायचंच आहे मला.

उर्फा गावात बालिक्लीगोल नावाचं तळं आहे. इब्राहिम पैगंबरांना नमरूद राजाने आगीत टाकलं तेव्हा आगीचं पाणी झालं आणि लाकडांचे मासे झाले अशी श्रद्धा. ते मासे कुणी खात नाही, सगळे दाणे टाकतात, मी पण आजीच्या नावाने टाकले.

जेवणाचं विचारू नको आई, व्यवस्थित जेवतोय. इथली इसोत मिरची काळपट लाल असते, उन्हात वाळवून रात्री झाकून घाम आणतात तिला, वास इतका छान की पाव किलो घेतलीय तुझ्यासाठी. आणि साबण, हवा, मैदान हे शब्द इथं जवळपास आपल्यासारखेच बोलतात, दुकानात साबून म्हटलं तर लगेच काढून दिला.

मे मध्ये परत येतोय. तोवर पाणी उतरलेलं असेल, आपण पळसदेवला जाऊ. आजी तू फक्त आठवून ठेव, देवळाच्या कुठल्या अंगाला आपलं घर होतं आणि दार कुठं तोंड करून होतं.

तुमचाच,
बाळू