अहवाल सभेच्या आधी घरी यावा

महोदय,

गणपतीची चवथ आटोपली की आपल्याकडे सहकारी संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभांचा हंगाम सुरू होतो. आपल्या अंकातही त्या नोटिसा दिसू लागल्या आहेत. 'गणपूर्ती न झाल्यास सभा अर्ध्या तासाने त्याच जागी घेण्यात येईल' हे वाक्य मी स्वतः बावीस वर्षे लिहिले आहे. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका गावच्या दूध संस्थेचा मी सचिव होतो. गेल्या आठवड्यात त्या नोटिसा वाचत बसलो असतानाच मुलीचा अमेरिकेहून फोन आला. तिचे घरमालक आजोबा गेले. वय एक्क्याण्णव. त्यांच्याविषयी थोडे लिहितो, कारण आजोबा आमच्याच धंद्यातले होते.

मुलगी मिनेसोटा राज्याच्या दक्षिणेला असते. नातीच्या जन्माच्या वेळी आम्ही दोघे ऑक्टोबर ते मार्च तिच्याकडे होतो. बाहेर बर्फ, आत हीटर, आणि माझे इंग्रजी आमच्या साखळी शहराच्या बाजारात चालेल इतकेच. पण आजोबांनी पहिल्याच भेटीत विचारले, तुमच्याकडे म्हशीच्या दुधाला फॅट किती लागते? मी म्हणालो, सात. त्यांनी मुलीकडून पुन्हा खात्री करून घेतली. त्यांच्या काळ्या-पांढऱ्या होल्स्टीन गाईंनी जन्मात चारच्या पुढे फॅट दिली नव्हती. त्या दिवसापासून रोज दुपारी कॉफीला मला हाक यायची. (कॉफी म्हणजे गरम पाणीच, पण ते असो.)

त्यांच्या लहानपणी घरात कंदील होता. 1935 साली तिथल्या सरकारने खेड्यांत वीज नेण्याचे खाते काढले, तेव्हा दहा शेतांपैकी जेमतेम एकावर वीज होती. खासगी कंपन्यांना चार घरांसाठी मैलभर तार ओढणे परवडत नव्हते. मग शेतकऱ्यांनीच वीज संस्था काढल्या आणि सरकारी कर्जावर खांब रोवले. आजोबांच्या वडिलांनी पाच डॉलर भरून सभासदत्व घेतले आणि पहिला दिवा घरात न लावता गोठ्यात लावला. आमच्या गावात वीज आली तेव्हा मी सातवीत होतो. कोणी आणली, कशी आणली, हे विचारायचे डोक्यातही आले नाही. सरकारने दिली, एवढेच.

त्यांच्या भागाला सहकाराची सवय जुनी. क्लार्क्स ग्रोव्ह नावाच्या गावात डेन्मार्कहून आलेल्या शेतकऱ्यांनी 1890 साली सहकारी लोणीघर काढले, आणि त्यांचे पाहून राज्यभर तशी शेकडो उभी राहिली. 1921 साली त्यांतली 320 लोणीघरे सेंट पॉल शहरात एकत्र आली आणि त्यातून पुढे लँड ओ'लेक्स हा लोण्याचा ब्रँड झाला. पण शेतकऱ्यांनी एकत्र येऊन माल विकणे म्हणजे बाजारात मक्तेदारी करणे, असा आरोप तेव्हा व्हायचा. 1922 च्या कॅपर-व्होल्स्टेड कायद्याने त्यांना संरक्षण मिळाले. हा व्होल्स्टेड मिनेसोटाचाच खासदार, आणि अमेरिकेत दारूबंदी राबवणारा कायदाही त्याच्याच नावाचा. मी आजोबांना सांगितले, याला आमच्या गोव्यात अर्धे गाव हार घालील आणि अर्धे दगड मारील. मग काजूची फेणी म्हणजे काय, ते समजावण्यात संध्याकाळ गेली.

सहकार आपल्यालाही काही कोणी बाहेरून आणून दिलेला नाही. बांध, मानस (बांधातली पाण्याची दारे) आणि शेते सामाईक सांभाळायची गावकरी पद्धत पोर्तुगीज येण्याच्या आधीपासूनची. 1526 च्या फोरालात, म्हणजे सनदेत, त्यांनी ती फक्त कागदावर उतरवली. आणि अमूल उभे करणारे कुरियनही शिकले ते आजोबांच्याच मुलखाकडे, मिशिगनमध्ये. हे ऐकून आजोबा म्हणाले, म्हणजे तुम्ही आम्ही एकाच वर्गातले.

त्यांनी 1986 पर्यंत गाई ठेवल्या. दूध फार झाले म्हणून सरकारने गोठेच रिकामे करायची योजना काढली होती. पैसे घ्यायचे, गाई कत्तलीला किंवा परदेशी पाठवायच्या आणि पाच वर्षे त्या धंद्यात पडायचे नाही. पाठवायच्या गाईंना तोंडावर खुणेचा डाग देत. व्याजदर चढलेले, जमिनीचे भाव कोसळलेले, शेजारची शेते लिलावात निघालेली. यांनीही अर्ज भरला. एवढे सांगून ते उठले आणि कप विसळायला गेले. पुन्हा त्या विषयावर कधी बोलले नाहीत. त्यानंतर फक्त मका आणि सोयाबीन.

गावच्या सहकारी धान्य कोठाराचे ते अठरा वर्षे अध्यक्ष होते. आग विझवायला जाणाऱ्या स्वयंसेवकांतही त्यांचे नाव. एखाद्याला ऐन कापणीत हॉस्पिटलात न्यावे लागले, तर शेजाऱ्यांनी आपापली यंत्रे घेऊन त्याचे शेत आधी कापायचे, असा तिथला रिवाज. पण ते काही गावाचे लाडके पुढारी नव्हते. संस्था चालेना, तेव्हा त्यांनी ती शेजारच्या मोठ्या संस्थेत विलीन करण्याच्या बाजूने मत दिले. गावातले कोठार बंद पडले. दोन घरांनी त्यांच्याशी कित्येक वर्षे बोलणे टाकले. आजोबा मात्र दर रविवारी चर्चमध्ये त्यांच्याच पुढच्या बाकावर बसत राहिले. चुकलो का, ते अजून कळत नाही, असे त्यांनी मला त्या वयात सांगितले. आपल्याकडे माजी चेअरमनच्या तोंडून हे वाक्य मी तरी ऐकलेले नाही.

जानेवारीत ते मला संस्थेच्या वार्षिक सभेला घेऊन गेले. शाळेचा हॉल, बाहेर उणे वीस. अहवाल पंधरा दिवस आधी टपालाने घरी आलेला. आजोबांनी त्यावर लाल पेन्सिलीने खुणा केल्या होत्या, आणि आसपासच्या बऱ्याच जणांच्या अहवालांवरही खुणा दिसल्या. एका तरुण शेतकऱ्याने विचारले, मका वाळवायचा गॅस इतका महाग का घेतला? अध्यक्ष वीस मिनिटे उभे राहून उत्तर देत होते. मध्ये 'वेळेअभावी' कोणी म्हटले नाही. नंतर बटाट्याचे तुकडे पसरून भाजलेली मांसाची परात, 'पाय' नावाचा तिथला गोड पदार्थ आणि तीच कॉफी. बायकोने आणि मी पायवर भागवले.

तिथला हिशेब असा, की ज्याने संस्थेशी जितका व्यवहार केला त्या प्रमाणात त्याला नफा. थोडा भाग चेकने मिळतो, बाकीचा संस्थेच्या भांडवलात त्याच्या नावे राहतो आणि अनेक वर्षांनी परत मिळतो. कित्येकदा तो सभासद गेल्यावर वारसांना देतात. आजोबा म्हणायचे, माझे 1970 सालातले पैसे संस्थेकडे आहेत, मी मेलो की बायकोची चैन.

त्यांनी एकदा मला विचारले होते, तुमच्याकडे धार कोण काढतो? मी म्हणालो, बहुतेक बायका. आणि सभासद कोण? नवरे. ते काहीच बोलले नाहीत. मला मात्र आमच्या संस्थेतली एक बाई आठवली. एका सभेत तिने उठून विचारले होते, की माझ्या त्याच गाईची फॅट आठवड्यात 4.2 वरून 3.4 वर कशी आली? चेअरमन म्हणाले, ऑफिसात येऊन विचारा. मी इतिवृत्तात लिहिले, 'चर्चा झाली'. पुढचा विषय, मंजूर, मंजूर, आणि सामोशाची पुडी. नंतर कळले, फॅट मशीन रोज नीट धुतले जात नव्हते. मशीन दुरुस्त झाले, पण त्या बाईला कोणी जाऊन काही सांगितले नाही. मीही नाही. वर्षभरात तिने गाय विकली.

तेव्हा आमचा अहवाल हॉलच्या दारात वाटला जायचा. हातात पडायचा आणि पाच मिनिटांत मंजूर व्हायचा. छपाई उशिरा होते, ही सबब मीच शोधून काढली होती. नोटीस वेळेत निघायची, ताळेबंद मात्र मुद्दाम मागे राहायचा. वाचून आलेला सभासद प्रश्न विचारतो आणि सभा लांबते, म्हणून. आता ताळेबंद मोबाईलवर पाठवायला एक पैसा लागत नाही. फॅटचे मेसेज रोज दोन वेळा येतात, मग ताळेबंद का येऊ नये? सहकार खात्याने सभेच्या नोटिशीसोबत अहवाल पोचल्याची सही घ्यायला लावावी, आणि गोठ्यातल्या बाईला नवऱ्याबरोबर सहसभासद करून घ्यावे, एवढीच मागणी आहे.

आमच्या संस्थेची सभा येत्या रविवारी सकाळी अकराला आहे. काल मी ऑफिसात जाऊन अहवालाची प्रत मागितली. खुर्चीवरचा मुलगा मीच कामाला लावलेला, कामही मीच शिकवलेले. तो अगदी नम्रपणे उठून उभा राहिला आणि म्हणाला, काका, सभेत मिळेल.

— एक दूध उत्पादक, सत्तरी