हप्ते भर, पण हाताशी ठेव

विश्रामबाग, सांगली

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तुझ्या गृहकर्जाचा विषय निघाला, तेव्हा तू "आई, तुला यातलं कळत नाही" म्हणालास आणि बोलणं तिथंच तुटलं. सातवीच्या मुलांना व्याजाची गणितं शिकवण्यात माझी अख्खी नोकरी सरली रे. रात्री वही घेऊन बसले.

40 लाख, साडेआठ टक्के, 20 वर्षं. हप्ता 34,713. पहिल्या महिन्यात त्यातले 28,333 नुसते व्याजात गेले, मुद्दल फिटली 6,380. व्याज शिल्लक मुद्दलावर चढतं, म्हणून सुरुवातीच्या वर्षांत जादा भरलेला रुपया सगळ्यात जास्त कामाला येतो. पहिल्या वर्षाअखेरीस तू दोन लाख भरलेस, त्यानं शेवटचे 26 हप्ते गळाले. म्हणजे नऊ लाखांच्या वर! दोनदा ताळा करून बघितला. आणि "हप्ता तोच ठेवा, मुदत कमी करा" असा अर्ज तू आठवणीनं लेखी दिलास. बाबांनी हे बापूकाकांना, वरच्या कुलकर्णींना, दूधवाल्यालासुद्धा सांगितलंय.

पण आता बोनस गेला, ठेव मोडली, तीही कर्जात गेली. सोनलला सातवा महिना. तुमच्या कंपनीत माणसं कमी करताहेत हे तूच सांगितलंस. मग हाताशी काय ठेवलंस? तू म्हणालास, घर तर आहे. अरे, घराची भिंत काढून दवाखान्यात देता येत नाही.

जादा भरलं म्हणून बँक पुढच्या महिन्याचा हप्ता सोडत नाही. मुदत घटते ती शेवटाकडून. आज पगार थांबला, तर पाच तारखेला 34,713 लागणारच, आणि आत भरलेले पैसे साध्या गृहकर्जात परत काढता येत नाहीत. बदलत्या व्याजदराच्या कर्जाला मुदतीआधी फेडीचा दंड रिझर्व्ह बँकेनं 2012 मध्येच बंद केलाय, त्यामुळे चार महिने थांबून भरलेस तरी तुला कुणी अडवणार नाही. थोडं व्याज जाईल, जाऊ दे.

सहा महिन्यांचे हप्ते, घरखर्च आणि बाळंतपणाचे पैसे आधी वेगळे काढ. दवाखान्याचा विमा कंपनीचाच आहे की स्वतःचाही? नोकरी गेली की कंपनीचा जातो. ओव्हरड्राफ्टवालं गृहकर्ज मिळतं, त्यात जादा ठेवलेल्या रकमेवर व्याज वाचतं आणि गरजेला ती काढताही येते. दर जरा जास्त असतो, पण चौकशी कर. घाई कशाला? वर्षाला एक हप्ता जादा भरत गेलास तरी वीस वर्षांचं कर्ज साडेसोळा वर्षांच्या आसपास येतं. त्यातून…

बघ, पुन्हा शाळा सुरू झाली माझी. रागावू नकोस. तू कुठं उधळतोयस म्हणून हे लिहीत नाही.

2005 चं तुला किती आठवतं कोण जाणे. गावभागातल्या घराचं पतसंस्थेचं कर्ज बाबांनी मुदतीआधी फेडलं, त्या जूनमध्ये. होतं नव्हतं ते सगळं घातलं. पेढे वाटले, अक्कानं नवी साडी नेसून दाखला देवापुढं ठेवला. बाबा इतके हलके झालेले मी लग्नानंतर पहिल्यांदा बघितले. महिना-दीड महिन्यात कृष्णा दारात आली. तू दप्तर छातीशी धरून बापूकाकांच्या खांद्यावर बसलास, आणि चपला राहिल्या म्हणून रडत होतास. पाणी ओसरलं तेव्हा गुडघाभर गाळ. गिलावा पोकळ झालेला, धान्य कुजलेलं, अक्काला ताप. घर आमचं होतं, एका पैशाचं देणं नव्हतं, आणि मिस्त्रीला द्यायला घरात काही नव्हतं. माझे बिलवर गेले ते तेव्हा. बाबा आजही तो विषय काढत नाहीत, तूही काढू नकोस. त्यांनी वाईट काय केलं होतं? पण तुला ठेव मोडली म्हणताना ऐकलं आणि मला तो गाळाचा वास आला.

तुझ्या वयात आमच्यात कुणाच्या नावावर घर नव्हतं. तू घेतलंस आणि वर ते लवकर फेडतोयस. आईला याहून काय हवं. फक्त हाताशी ठेव. किती ठेवलंस ते मला सांगू नकोस हवं तर, सोनलला सांग. तिला माहीत असायला हवं.

बाबा शुक्रवारी गाडीनं पुण्याला येताहेत. सोबत हळद, डिंकाचे लाडू आणि तिच्यासाठी मऊ लुगड्याची दोन दुपटी देतेय. त्यांची बीपीची गोळी रात्री जेवणानंतर असते, विसरतात, तू आठवण कर.

तुझी
आई