शिरुईची लिली कुंडीत नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला मणिपूरच्या शिरुई लिलीवरचा लेख आवडला. पण ‘जमल्यास एखादा कंद आणून घरच्या कुंडीत लावून बघा’ हे त्यातलं शेवटचं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही.

ही लिली उखरूल जिल्ह्यातल्या शिरुई डोंगराच्या माथ्याकडची. डोंगराची उंची 2,835 मीटर, आपल्या कळसूबाईपेक्षा जवळजवळ बाराशे मीटरनी जास्त. मे-जूनमध्ये तिथल्या धुक्यात ही फिकट गुलाबी फुलं घंटेसारखी मान खाली घालून झुलतात. तो गारवा पुण्या-मुंबईच्या गॅलरीत कुठून आणायचा? स्कॉटलंडमधल्या बागांत ती फुलते, हे खरं. पण तिथली थंड, ओलसर हवा तिला मानवते.

सातारकर म्हणून एक कबुली देतो. शाळेत असताना कासच्या पठारावरून ‘सीतेची आसवं’ ही इवली रानफुलं मुळासकट उपटून आणली होती. आईने हौसेने कुंडीत लावली. चौथ्या दिवशी कुंडीत नुसता चिखल!

शिरुईवर आधीच खुरटा बांबू पसरतोय, त्याच्या दाटीत लिलीला जागा उरत नाही. त्यात हौशी पाहुण्यांची भर. फूल खुडलं की त्या वर्षीचं बी गेलं, कंद उपटला तर रोपच गेलं. 1989 मध्ये तिला राज्यपुष्पाचा मान मिळाला, पण मानाने काही कंद जमिनीत राहत नाही.

आणखी एक. ब्रिटिश वनस्पती-संग्राहक फ्रँक किंग्डन-वॉर्ड यांनी 1946 मध्ये ती ‘शोधली’, पत्नी जीन मॅक्लिन यांच्यावरून तिचं शास्त्रीय नाव पडलं, 1948 मध्ये लंडनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने तिला गौरवलं, हे सगळं लेखात साग्रसंगीत आलंय. मग पायथ्याशी पिढ्यान्‌पिढ्या राहणारे तांगखुल नागा तिला काय म्हणतात, याला एक ओळसुद्धा मिळू नये? ते तिला ‘कशोंग तिमरावोन’ म्हणतात.

पुढच्या पुरवणीत एक छोटी चौकट द्यावी, ही विनंती. कंद आणू नयेत एवढं स्पष्ट छापा, आणि मथळ्यात हे तांगखुल नाव घाला.

आपला,
एक वाचक, सातारा