भातुकलीतले गूळ-दाणे

इंदूर, रविवार रात्र

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

फोनवर हे बोलायला जमलं नसतं, म्हणून लिहितोय. मागच्या महिन्यात तू आला होतास तेव्हा रात्री दीडच्या सुमारास मी पाणी प्यायला उठलो. तू गॅलरीत बसला होतास आणि मोबाइलवर अरुण दात्यांचं ‘भातुकलीच्या खेळामधली’ अगदी हळू लागलं होतं. माझी चाहूल लागताच तू ते बंद केलंस. मी काही विचारलं नाही, आताही विचारत नाही. त्या गाण्याबद्दल मात्र सांगायचंय.

तेविसाव्या वर्षी माझ्याकडे त्याची कॅसेट होती. रामबागेतल्या जुन्या घराच्या माडीवर ती इतक्यांदा लावली की एका जागी फीत ताणली जाऊन आवाज डगमगायचा. अजून कुठे ते गाणं लागलं की ती जागा यायच्या आधी माझा श्वास अडकतो. एक मुलगी होती, तिचं लग्न दुसरीकडे झालं. तुझ्या आईला हे मी आमचं ठरतानाच सांगितलं होतं.

तेव्हा मला त्या गाण्याचा राग यायचा. राजा विचारतो, जीव असे जोडावेत तरी का? राणी उत्तरच देत नाही. दूरच्या ताऱ्याकडे बघत ती फक्त उद्याच्या वेगळ्या वाटेचं बोलते. कुणी दगा दिला, कुणाच्या घरचे आडवे आले, पाडगावकर काही म्हणजे काही सांगत नाहीत. आणि मला तर कारण हवं होतं! माझा पगार कमी पडला का, पत्रिका आड आली का, मीच बोलायला उशीर केला का, दोन वर्षं हेच उगाळत बसलो. फार पुढे लक्षात आलं की कवीने कारण सांगितलं असतं तर गाणं त्या दोघांचंच राहिलं असतं. ती जागा मोकळी आहे म्हणून मी माडीवरून तिच्यात शिरलो आणि इतक्या वर्षांनी तू गॅलरीतून.

दाते आपल्या इंदूरचे, जन्म 1934 चा. टेक्सटाइल इंजिनिअर होते, नोकरी सांभाळून गायले. त्यांच्या आवाजात हुंदका नाही. राणी निघून जाते तिथेही ते शेजारी बसून सांगावं तसं गातात. चाल यशवंत देवांची, शब्दप्रधान गायकी मानणाऱ्या माणसाची. एकही हरकत शब्दावर चढून बसत नाही.

काल फडताळातून तुझ्या आजीची पितळी भातुकली काढली. तवा आठ आण्याच्या नाण्याएवढा, जात्याचा खुंटा केव्हाच हरवलेला. आत्या आणि मी खेळायचो तेव्हा आजी त्या वाट्यांत गूळ-दाणे घालून द्यायची. घर खोटं, चूल खोटी, राजा-राणी खोटे. पण गूळ-दाणे खरे असायचे, ते आम्ही खरोखर खायचो. मग खालून हाक यायची आणि डाव तिथेच मोडायचा. खाल्लेला गूळ त्याने खोटा ठरत नसे, बाळा. तुमच्या दोघांतलंही ठरत नाही.

दिवाळीला ये. रात्री गॅलरीत बसलास आणि मी आलो, तर गाणं बंद करू नकोस. त्या रात्री शेवटचं कडवं राहिलं होतं.

तुझा,
बाबा