बाबांच्या हातात खापर देणाऱ्या सरांना

आदरणीय सर,
सादर नमस्कार.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वशास्त्राच्या एम.ए.साठी माझा प्रवेश काल निश्चित झाला. तुम्हाला कळवण्यासाठी फोन हातात घेतला, पण बोलताना गळा दाटून येईल असे वाटले, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

बी.ए. झाल्यावर सगळ्या मैत्रिणींप्रमाणे बी.एड. करावे की पुरातत्त्वाकडे जावे, या प्रश्नाने आमच्या घराची झोप उडाली होती. बाबांनी उसने पैसे घेऊन मला एका करिअर मार्गदर्शन केंद्रात नेले. तिथल्या गृहस्थांनी मोबाइलवरून मान वर न करता ‘यात काही स्कोप नाही’ असे सांगितले आणि बाबांनी कारण विचारले तेव्हा ‘तुम्हाला ते कळणार नाही’ एवढेच उत्तर दिले. ते वाक्य मला अजूनही बोचते.

मग आम्ही तुमच्याकडे आलो. तुम्ही आम्हाला खोटी आशा दाखवली नाही. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणात जागा मोजक्या असतात, त्यांची जाहिरात केव्हा निघेल याचा भरवसा नसतो, प्राध्यापक व्हायचे तर नेटसारखी पात्रता परीक्षा द्यावी लागते आणि तोवर उत्खननांवर किंवा संग्रहालयांत कंत्राटी काम करून दिवस काढावे लागतात, हे तुम्ही स्पष्ट सांगितले. ग्रेटर नोएडाच्या पुरातत्त्व संस्थेतल्या दोन वर्षांच्या पदविकेची वाटही दाखवली. घरच्या परिस्थितीला किती वर्षे थांबणे झेपेल, हे आधी ठरवा, असेही बजावले.

पण सर, निर्णय झाला तो त्यानंतरच्या पाच मिनिटांत. बाबा कुंभारकाम करतात हे कळताच तुम्ही खोक्यातून एक खापर काढून माझ्या नव्हे, त्यांच्या हातात दिले आणि विचारले, “दादा, हे चाकावरचे आहे की हाताने घडवलेले?” बाबांनी ते उजेडाकडे धरले, आतल्या बारीक रेघांवरून नख फिरवले आणि म्हणाले, “चाकावरचं आहे. पण आवा नीट तापला नव्हता, मधे काळं राहिलंय.” तुम्ही माझ्याकडे वळून म्हणालात, “लिहून घे.”

प्रकाशा गावाच्या टेकाडाजवळून आम्ही आयुष्यभर ये-जा केली. १९५५ साली पुरातत्त्वज्ञ बी. के. थापर यांनी तिथे उत्खनन करून ताम्रपाषाण काळापासूनची, म्हणजे तांबे आणि दगड दोन्हींची हत्यारे वापरली जात त्या काळापासूनची वस्ती उजेडात आणली, आणि आमच्याच तापीकाठच्या सावळदा गावाचे नाव त्या काळातल्या मडक्यांच्या एका परंपरेला मिळाले, हे आम्हाला तुमच्याकडून कळले. समोरच्या माणसाला काहीतरी येते असे धरून चालणारी माणसे फार थोडी भेटतात. ज्या घरात शिकलेले कोणी नाही, त्या घराला त्यांची किंमत विचारावी.

घरी परतताना बाबा बसमध्ये बराच वेळ गप्प होते. शहादा आल्यावर उतरता उतरता ते म्हणाले, “जाय बेटा, आपलीज माटी से.”

आपली विद्यार्थिनी