नव्या गॅससाठी प्रशिक्षित हात हवेत

महोदय,

एसी आणि फ्रिजच्या जाहिरातींत हल्ली ‘पर्यावरणपूरक गॅस’ हे शब्द ठळकपणे छापलेले असतात. ते खोटे नाहीत. परंतु भरलेला गॅस यंत्रातच राहिला तरच ते खरे ठरतात, आणि तो तिथे राहील याची जबाबदारी कारखान्याइतकीच यंत्र बसवणाऱ्या व दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञावर असते. या व्यवसायात बरीच वर्षे काम केल्यावर आणि आता नव्या मुलांना ते शिकवत असताना मला सतत जाणवते की, यंत्रे ज्या वेगाने बदलली त्या वेगाने आपली कामाची पद्धत बदललेली नाही.

1987 च्या मॉन्ट्रियल करारामुळे ओझोनच्या थराला इजा करणारे गॅस टप्प्याटप्प्याने हद्दपार होऊ लागले. एसीत पूर्वी सर्रास भरला जाणारा आर-22 हा गॅस त्यातच मागे पडला आणि त्याची जागा मुख्यतः आर-410ए ने घेतली. त्यात क्लोरीन नसल्यामुळे ओझोनचा प्रश्न सुटला, पण तापमानवाढीचा सुटला नाही, कारण हवेत गेलेला एक किलो आर-410ए शंभर वर्षांच्या हिशेबात सुमारे 2,088 किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवून धरतो. म्हणून असे गॅसही टप्प्याटप्प्याने कमी करण्यासाठी ऑक्टोबर 2016 मध्ये रवांडातील किगाली येथे याच करारात दुरुस्ती झाली आणि ती 1 जानेवारी 2019 पासून अमलात आली. नव्या एसींत भरल्या जाणाऱ्या आर-32 साठी हाच आकडा 675 आहे, तर थंडाव्यासाठीच वापरल्या जाणाऱ्या प्रोपेन आणि आयसोब्युटेन या गॅसचा परिणाम जवळजवळ नगण्य आहे. आर-410ए हे मुळात आर-32 आणि आर-125 यांचे वजनाने निम्मे-निम्मे मिश्रण आहे, ही गोष्ट ग्राहकांना सहसा कोणी सांगत नाही. त्यातला तापमानवाढीला अधिक कारणीभूत असलेला, पण आग न धरणारा अर्धा भाग वगळला की उरतो तो आर-32.

नेमका इथेच धोका बदलला आहे. आर-22 आणि आर-410ए पेट घेत नसत. आर-32 सौम्य ज्वलनशील आहे आणि प्रोपेन तर स्वयंपाकाच्या गॅसमध्येच असतो. तरीही नळ्यांतली हवा काढण्यासाठी नट किंचित सैल करून यंत्रातलाच थोडा गॅस बाहेर सोडण्याची जुनी सवय अनेक ठिकाणी तशीच चालू आहे. तिने दोन मिनिटांत काम उरकते, परंतु गॅस वाया जातो, खोलीत ठिणगी असेल तर आगीची शक्यता निर्माण होते आणि नळीतली ओल आतच राहते. आजच्या यंत्रांतले तेल ओल चटकन शोषते, त्यातून आम्ल तयार होते आणि कालांतराने कॉम्प्रेसर जळतो. मग दोष मात्र कंपनीला दिला जातो.

योग्य पद्धत कठीण नाही, तिला वेळ लागतो इतकेच. आधी कोरड्या नायट्रोजनने दाब देऊन गळती तपासावी, मग व्हॅक्यूम पंप लावून मायक्रॉन गेजवर, म्हणजे आत उरलेला अगदी सूक्ष्म दाब मोजणाऱ्या मापकावर, दाब 500 मायक्रॉनच्या खाली आणावा, पंप वेगळा करावा आणि काटा पाहत थांबावे. काटा थोडा चढून स्थिरावला तर आत ओल शिल्लक आहे, आणि चढतच राहिला तर कुठेतरी गळती आहे. हे थांबणे शिकवायला मला सर्वांत जास्त कष्ट पडतात, कारण पुढच्या ग्राहकाचा फोन तोवर दोनदा येऊन गेलेला असतो.

आर-22 च्या जुन्या यंत्रात प्रोपेन भरून देण्याचा प्रकार याहूनही गंभीर आहे. थंडावा चांगला मिळतो म्हणून ग्राहक खूश होतो. परंतु त्या यंत्राचे रिले, स्विच आणि जोडण्या ज्वलनशील गॅससाठी बनवलेल्याच नसतात आणि पुढे दुरुस्तीला येणाऱ्या तंत्रज्ञाला आत काय आहे याची कल्पनाही नसते. हे काम कोणी स्वस्तात करून देत असेल तरी ते घेऊ नये, असे मी कळकळीने सांगतो.

मोडीत निघालेल्या यंत्रांतला गॅस रिकव्हरी मशिनने काढून सिलिंडरमध्ये साठवायचा असतो. प्रत्यक्षात नळी कापून तो हवेत सोडला जातो. अमेरिकेत 1994 पासून प्रमाणपत्र नसलेल्या व्यक्तीला असा गॅस हाताळण्यास मनाई आहे आणि युरोपीय संघातही प्रमाणपत्र सक्तीचे आहे. जिथे अशी सक्ती नाही, तिथे ती यंत्रांच्या विक्रीबरोबरच यायला हवी, आणि तिच्यासोबत छोट्या तंत्रज्ञांना रिकव्हरी मशिन व मायक्रॉन गेज सवलतीत किंवा सामायिक वापरासाठी मिळायला हवेत, कारण रोजच्या कामावर पोट असलेल्या माणसाला ही साधने एकट्याने घेणे झेपत नाही. ग्राहकांनीही बसवणीच्या वेळी गेजवरचा आकडा दाखवायला सांगावा आणि त्यासाठी लागणाऱ्या जादा वेळाचे पैसे नाकारू नयेत.

आपला,
एक शीतकरण तंत्रज्ञ व प्रशिक्षक